मोटारींतील खर्ज

प्रवासांत संगीताची सोबत असावी ही मनुष्याची इच्छा फार जुनी आहे. मोटारगाडींत ती खऱ्या अर्थानें सफळ होऊं लागली १९३० सालापासून. त्या सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल व जोसेफ गॅल्विन या बंधूंनीं मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ तयार केला. पॉल गॅल्विन यानें तो आपल्या स्टुडबेकर गाडींत घालून ॲटलांटिक सिटी येथील रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनास नेला, आणि आंत गाळा मिळालेला नसल्यामुळें बाहेर उभ्या केलेल्या गाडींतूनच लोकांस ऐकविला. 'मोटोरोला' हें नांव मूळ या यंत्राचें. अशा यंत्रांतून शब्द कळत, चाल कळे. पण खर्ज हरवलेला असे. आज गाडींत 'सबवूफर', म्हणजे केवळ मंद्र स्वरांसाठीं राखलेला मोठा स्पीकर, बसवूं पाहणाऱ्या गृहस्थापुढें जी निवड उभी राहते, तिचीं मुळें या हरवलेल्या खर्जाच्या शोधांत आहेत.

खर्ज इतका दुर्मिळ कां? ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर. म्हणजे सेकंदास ४० कंपनें असलेल्या स्वराची एक लाट साडेआठ मीटर लांब होते, आणि ती उठविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं मांडलेल्या स्पीकरच्या अंगीं ती शक्ति होती. परंतु पडदा पुढें सरला कीं मागची हवा विरळ होते, आणि उघड्या स्पीकरभोवतीं पुढची व मागची लाट एकमेकींस मारून टाकतात. म्हणून स्पीकरला पेटी हवी. तंबोऱ्याचा भोपळा जसा वाद्याचेंच अंग, तशी ही पेटीहि.

पेटीचे दोन संप्रदाय झाले. बेल प्रयोगशाळेंतील अल्बर्ट थुरास यानें १९३० सालीं पेटीस मोजून-मापून छिद्र ठेवण्याची युक्ति पेटंटासाठीं मांडली. त्या छिद्रांतील हवा ठराविक मंद्र स्वरांना पडद्याच्या जोडीनें साह्य करते. १९५४ सालीं एड्गर व्हिल्चर यानें उलट मार्ग धरला. पेटी हवाबंद करून आंत कोंडलेल्या हवेलाच त्यानें स्प्रिंगचें काम दिलें, आणि कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटींतून निघूं लागला. त्याचें मोल विजेच्या रूपानें द्यावें लागलें. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज या तीन वरांपैकीं दोनच एका वेळीं मिळतात, हा अँटन हॉफमन याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम होय. पुढें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यानें १९६१ सालीं, आणि सिडनी विद्यापीठांत रिचर्ड स्मॉल यानें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, हा सारा व्यवहार गणितांत बसविला. स्पीकरच्या मापांवरून पेटीचें घनफळ काढतां येऊं लागलें.

हा विचार दिवाणखान्यासाठीं झाला होता. मोटारीनें त्यास निराळी कलाटणी दिली. गाडीचा अंतर्भाग अडीच मीटर लांब धरला, तर सुमारें ७० कंपनांखालीं अर्धी लाटहि आंत मावत नाहीं. मग आंतील सारी हवा एकदम दाबली व सैल केली जाते, आणि स्वर जितका खालीं, तितकें गाडीचें हें साह्य वाढतें. बंद पेटीचा आवाज खालच्या प्रदेशांत सप्तकागणिक सुमारें १२ डेसिबलांनीं उतरतो. एक उतरतो तेथें दुसरें चढतें. पत्र्यांतून व फटींतून कांहीं दाब निसटला तरी खर्ज बराच समतोल राहतो. छिद्राची पेटी नेमलेल्या स्वरापाशीं अधिक जोरांत बोलते. त्याखालीं मात्र ती सप्तकागणिक २४ डेसिबल कोसळते, आणि तेथें पडद्यावर हवेचा लगामहि उरत नाहीं.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ज्यास रेखीव हवा, त्यानें बंद पेटी घ्यावी. नृत्यसंगीताचा दणका हवा असून सामानाच्या जागेंतील मोठा हिस्सा सोडण्याची तयारी असेल, त्यानें छिद्राची. चुकीच्या पेटींतील १२ इंची स्पीकरपेक्षां योग्य पेटींतील १० इंची बरा. शेवटीं वीज पाहावी. १२ व्होल्टांच्या बॅटरीवर ५०० वॅट म्हणजे ४० अँपिअरांहून अधिक प्रवाह. यास्तव तार जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ हवा, नाहीं तर तार घासून उघडी पडल्यास आगीचें भय असतें.

खर्ज भिंतीस जुमानीत नाहीं. काचा बंद असल्या तरी तो शेजारच्या घरांत शिरतो, आणि अति झाला तर चालकास मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाहि ऐकूं देत नाहीं. भारतांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, ती शेजारधर्मासच धरून आहे. तंबोरा गाण्यामागें राहून गाणें सांवरतो. गाडींतील खर्जानेंहि तेवढेंच करावें.