सारखे काम, सारखा दाम

मंडळी, भातलावणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. दिवसभर चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईच्या हातावर संध्याकाळी गड्यापेक्षा कमी मजुरी पडायची. कुठे कुठे अजूनही पडते. कारण विचारावे, तर उत्तर ठरलेले, “ते बायकांचं काम!” कामाला असे नाव पडले की त्याचा दाम उतरतो. कायद्याला या नावाशीच झगडावे लागले आहे.

आपल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या ३९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना सारख्या कामाबद्दल सारखे वेतन, हे तत्त्व आले. पण ते पडले मार्गदर्शक तत्त्व. नुसत्या त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. त्याला बळ आले ते १९७६ च्या समान वेतन कायद्याने.

कायदा झाला, तरी नावाचा खेळ संपला नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांपेक्षा त्यांना पगार कमी. कंपनी म्हणाली, ‘या बायकांचा वर्ग वेगळा, शिवाय कामगार संघटनेशी तसा करारच झाला आहे.’ प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ साली निकाल लागला, की वर्गाचे नाव पाहू नका, प्रत्यक्ष काम पाहा. करार कायद्यापेक्षा मोठा नाही, आणि ‘आम्हांला परवडत नाही’ ही सबबही चालणार नाही.

आता अडचण कुठे आहे? तुलना करायला त्याच कामावर पुरुष लागतो. नांगर गड्याकडे आणि लावणी बायकांकडे, अशी वाटणी असली की कामे वेगळी म्हणून पळवाट निघते. तिथे किमान वेतनाचा आधार घ्यावा. त्या दरात बाई-पुरुष असा भेद नाही. समान वेतनाचा नियम आता २०१९ च्या वेतन संहितेत आला आहे.

गुरुजींनो, बाईंनो, वर्गात एवढा एकच प्रश्न मुलांना घाला: आंब्याची पेटी भरणारे हात बाईचे की बाप्याचे, यावरून पेटीचा भाव बदलतो का? मग मजुरी का बदलावी?