मुरगावचा लोहमार्ग आणि मिठागरे

सरहद्दीपलीकडे रस्ता वा लोहमार्ग नेला की व्यापार वाढतो आणि व्यापार वाढला की सर्वांचे भले होते, असे सर्रास सांगितले जाते. हे म्हणणे पारखून पाहावयाचे तर फार दूर जाण्याचे कारण नाही. मुरगावच्या आगगाडीचा इतिहास आपल्या उशाशीच आहे.

गोवा पोर्तुगीजांकडे, घाटमाथा इंग्रजांकडे. मुरगाव बंदर उत्तम; परंतु तेथला माल घाट चढावा कसा? २६ डिसेंबर १८७८ रोजी दोन्ही सरकारांनी तह केला. बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग बांधावयाचा आणि मधली जकातीची नाकी उठवावयाची, असे ठरले. पण इंग्रजी मुलखात मिठावर जबर कर होता. नाकी उठली तर गोव्याचे स्वस्त मीठ वर येणार! म्हणून गोव्याच्या मिठागरांवरही इंग्रजांचा ताबा बसला. मोबदल्यादाखल पोर्तुगीज सरकारला सालीना ४ लाख रुपये मिळू लागले. तिजोरीत ४ लाख आले. परंतु अनेक मिठागरे बंद पडली. तेथे राबणाऱ्या मजुराच्या आणि बैलांवर मीठ लादून घाट चढणाऱ्या लमाणाच्या पदरात काय पडले?

१८८८ साली गाडी दूधसागराजवळून घाट चढून कॅसलरॉकला पोचली व सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. काम नाव घेण्याजोगे झाले. मात्र अपेक्षेइतका माल आला नाही. देशावरचा बराच माल मुंबईच्याच वाटेने जात राहिला. कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती. तिचा भार अखेर रयतेवरच पडला. १८९२ मध्ये तहाची मुदत संपली आणि उठलेली नाकी पुन्हा बसली. रूळ तेच, इंजिने तीच. व्यापाराला मात्र पुन्हा आडकाठी आली.

१९५५ मध्ये मुक्तिलढा पेटला तेव्हा सरहद्दीवरची वाहतूकच थांबली. त्या दशकात मुरगावहून खनिजाची निर्यात वाढली, पण ते खनिज बंदरात येई मुख्यतः मांडवी व जुवारी नद्यांतून, बार्जवर लादून. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्दच उरली नाही.

तात्पर्य, मंडळी, रूळ टाकणे हे अर्धे काम. जकात कोणी किती घ्यावी, करार किती वर्षांचा, तूट कोणी भरावी आणि ज्यांचा धंदा बुडेल त्यांची सोय काय, हे उरलेले अर्धे. शेजारी देशांना जोडणारे रस्ते व बंदरे यांचे करार आजही होत आहेत. ते वाचताना हा हिशेब आपण मागितला पाहिजे. १८७८ च्या मसलतीला मिठागरातला मजूर बसलेला नव्हता.