पॅटन नगर

पॅटन नगर : १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात हस्तगत केलेले आणि मोडून पडलेले पाकिस्तानी रणगाडे पंजाबातील भिखीविंड येथे ज्या जागी ओढून आणून उभे केले होते, त्या जागेला पडलेले नाव. यांतील बहुसंख्य रणगाडे अमेरिकेने पाकिस्तानला पुरवलेले एम-४७ आणि एम-४८ पॅटन होते. साठाहून अधिक रणगाडे काही काळ येथे लोकांना पाहण्यासाठी ठेवले होते. परदेशाने पुरवलेली शत्रूची शस्त्रसामग्री युद्धभूमीवर हाती लागण्याचे एवढे मोठे उदाहरण स्वतंत्र भारताच्या इतिहासात त्यापूर्वी नव्हते.

हे रणगाडे पाकिस्तानकडे आले ते शीतयुद्धाच्या राजकारणातून. मे १९५४ मध्ये अमेरिका व पाकिस्तान यांच्यात परस्पर संरक्षण साहाय्याचा करार झाला. त्याच वर्षी पाकिस्तान ‘सीटो’ या आग्नेय आशियाई संरक्षण करार संघटनेत आणि १९५५ मध्ये बगदाद करारात सामील झाला. साम्यवादी राष्ट्रांना अडवण्यासाठी म्हणून त्याला सुमारे चारशे पॅटन रणगाडे, सेबर व स्टारफायटर विमाने, तोफा, जीपगाड्या आणि वायरलेस संच मिळत गेले. ही शस्त्रे अखेर भारतावरच रोखली जातील, ही शंका दिल्लीने सुरुवातीपासून बोलून दाखवली होती. तिला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवले. या मदतीचा कोणावर आक्रमण करण्यासाठी गैरवापर झाला, तर तो हाणून पाडण्यासाठी आपण आपल्या अधिकारात पावले उचलू, असे त्यांनी त्यात कळवले. पुढे ११ वर्षांनी पंजाबातील खेमकरणच्या शेतांत चिखलात रुतलेले पॅटन त्या आश्वासनाचे काय झाले ते सांगत होते. म्हणूनच या रणगाड्यांकडे केवळ लष्करी लूट म्हणून पाहता येत नाही. पुरवठादार देशाच्या शब्दाविरुद्धचा तो उघड्यावर मांडलेला पुरावा होता. युद्ध भडकल्यावर अमेरिकेने ८ सप्टेंबर १९६५ रोजी दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. त्याची झळ पाकिस्तानला जास्त बसली, कारण त्याच्या रणगाड्यांचे सुटे भाग आणि दारूगोळा अमेरिकेतूनच येत असे.

पॅटन हे नाव दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांच्यावरून दिलेले आहे. या रणगाड्याला ९० मिमी व्यासाची तोफ होती. वजन सुमारे ४५ टन. लक्ष्याचे अंतर मोजण्यासाठी दोन भिंगांतून पाहण्याचे जोडदृष्टी यंत्र बसवलेले होते. भारताकडे त्या वेळी जे होते त्यापुढे हे सारे नवे होते. भारतीय चिलखती दलात ब्रिटिश सेंच्युरियन होते; त्यांची २० पौंडी तोफ भरवशाची होती, पण असे रणगाडे थोडेच होते. बाकी तुकड्या महायुद्धातले जुने अमेरिकी शर्मन आणि हलके फ्रेंच एएमएक्स-१३ यांवर लढत होत्या. म्हणजे परदेशी शस्त्रे दोन्हीकडे होती. ज्या १०६ मिमी रिकॉइललेस तोफांनी अनेक पॅटन फोडले, त्यांची बनावटही मूळ अमेरिकीच. फरक होता तो शस्त्र हाताळणाऱ्यांत, भूमीच्या जाणिवेत आणि बचावाच्या आखणीत.

हे रणगाडे हाती लागले ते मुख्यतः असल उत्तरच्या लढाईत (८ ते १० सप्टेंबर १९६५). मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या ४ माउंटन डिव्हिजनने पाकिस्तानातील कसूरच्या दिशेने चढाई केली होती. ती फसली. डिव्हिजनला मोठी हानी सोसून मागे यावे लागले आणि पाकिस्तानचे पहिले चिलखती डिव्हिजन खेमकरणमधून आत घुसले. बियास नदीपर्यंत धडक मारून अमृतसरचा मागचा रस्ता तोडायचा, असा त्याचा बेत होता. पश्चिम विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल हरबक्षसिंग यांच्या हाताशी राखीव फौज फारशी नव्हती. गुरबक्षसिंगांनी असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी बचावफळी रचली. तिची दोन टोके पुढे होती आणि मधला भाग मागे. आत शिरणाऱ्या रणगाड्यांना तीन बाजूंनी गोळे झेलावे लागतील, अशी ती योजना होती. ब्रिगेडियर थिओगराज यांच्या २ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडमधील ३ कॅव्हलरी, ८ कॅव्हलरी आणि सोबत डेक्कन हॉर्स उसाच्या व इतर उंच पिकांच्या आडोशाने दबा धरून होते. कालवे व पाट फोडून शेतांत पाणी सोडण्यात आले.

त्या पाण्याने काय केले हे समजून घ्यायला हवे, कारण पॅटनवर मात करण्याची अर्धी गोष्ट तेथेच आहे. वरून कोरडी, पिकाखाली झाकलेली वाटणारी जमीन आत भुसभुशीत झाली होती. ४५ टनांचा रणगाडा अशा जमिनीत शिरला की साखळपट्टे गरगर फिरतात आणि धूड खाली बसत जाते. वेग गेला की लांब पल्ल्याच्या तोफेचा आणि अंतरमापक यंत्राचा फायदाही जातो. उसाच्या पलीकडचे दिसत नाही आणि शत्रू दोन-तीनशे मीटरवरून नेम धरतो. जोडदृष्टी यंत्र नीट वापरायला दीर्घ सराव लागतो. धावपळीच्या लढाईत ते वापरणे सोपे नव्हते. त्यात या पॅटनची इंजिने पेट्रोलवर चालणारी असल्याने गोळा लागताच पेट घेत. रणगाडा वाईट नव्हता. त्याला नको त्या ठिकाणी, पायदळाची पुरेशी साथ न देता ढकलण्यात आले, हे या लढाईचे खरे निदान आहे. नुसते यंत्राला दोष देऊन मोकळे होणे म्हणजे समोर उभ्या राहिलेल्या सैनिकांचे श्रेय कमी करणे होय.

त्या सैनिकांत ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव सर्वांत पुढे येते. चिमा गावाजवळ जीपवर बसवलेल्या १०६ मिमी तोफेने त्यांनी एकामागून एक रणगाडे निकामी केले. ही तोफ डागली की मागून ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो, त्यामुळे पहिल्याच गोळ्याला तिची जागा शत्रूला कळते. म्हणून मारायचे आणि लगेच जागा बदलायची, हाच तिचा नियम. उघड्या जीपवर चिलखताचे नावही नसते. १० सप्टेंबर रोजी शत्रूच्या गोळ्याने त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

महाराष्ट्राचा या लढाईशी संबंध थेट आहे. अलिबाग येथे १९२६ मध्ये जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य तेव्हा डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते. महायुद्धातले शर्मन घेऊन त्यांच्या रेजिमेंटने पॅटनचा सामना केला. वैद्यांना महावीर चक्र मिळाले. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करताना पुन्हा पॅटनशी गाठ पडली आणि त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. पुढे ते भूदलप्रमुख झाले. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. सियालकोट आघाडीवर फिलोरा-चाविंडा भागात पुना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सेंच्युरियन घेऊन पॅटनशी झुंज दिली. त्यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे. १६ सप्टेंबर रोजी ते धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. मराठी वाचकाला खेमकरण आणि फिलोरा ही नावे सिंहगडाइतकी परिचित असायला हवीत. तशी ती अजून नाहीत, ही खंत नोंदवणे भाग आहे.

असल उत्तरची मोजदाद करताना पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले आणि त्यांपैकी ७२ पॅटन होते, असे भारतीय वृत्तांतांत सांगितले जाते. पाकिस्तानी लेखकांचे आकडे कमी आहेत. अशा तफावतीचे एक कारण प्रचारात असते, दुसरे मोजणीच्या पद्धतीत. साखळपट्टा तुटलेला रणगाडा लढाईपुरता निकामी असतो, पण रात्री ओढून नेऊन तो दुरुस्त करता येतो. म्हणून ज्याच्या ताब्यात रणभूमी राहते, त्यालाच खरी मोजणी करता येते. असल उत्तरला ती भारताच्या ताब्यात राहिली. काही पॅटन तर अजिबात धक्का न लागलेले, चालकांनी जसेच्या तसे टाकून दिलेले मिळाले.

टाकून दिलेला रणगाडा ताब्यात घेणे हे वाटते तितके सोपे काम नसते. आत भरलेले गोळे, टाकीतले पेट्रोल, झाकणाला किंवा पट्ट्याखाली लावलेला सुरुंग यांची आधी तपासणी करावी लागते. शत्रू अंधारात येऊन तो परत नेईल किंवा उडवून देईल, म्हणून पहारा ठेवावा लागतो. मग चिखलातून हे धूड उपसून काढायचे. हे काम भारतीय भूदलात ‘ईएमई’ या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलाचे. लढाईच्या वर्णनांत या जवानांचा उल्लेख क्वचितच येतो. पण त्यांच्याशिवाय पॅटन नगर उभेच राहिले नसते. रणगाड्यातून मिळणाऱ्या कागदांचे मोल कित्येकदा रणगाड्याहून अधिक असते. नकाशे, हुकूम, वायरलेसचे संकेत यांवरून शत्रूचा पुढचा बेत वाचता येतो. तोफ, चिलखताची जाडी आणि दृष्टियंत्रे तपासून आपल्या गोळ्याने ते कोठे भेदता येईल, हेही कळते. मात्र पॅटन भारताच्या नियमित ताफ्यात घेतले गेले नाहीत. ९० मिमी गोळे आणि सुटे भाग आणायचे कोठून, ही मुख्य अडचण होती.

हस्तगत सामग्रीची मालकी कोणाची, याविषयी युद्धाचे कायदे स्पष्ट आहेत. रणांगणावर मिळालेली शत्रुराष्ट्राची जंगम लष्करी मालमत्ता पकडणाऱ्या राष्ट्राची होते. ती पकडणाऱ्या सैनिकाची वैयक्तिक होत नाही. युद्धकैद्याकडून शस्त्रे, लष्करी सामग्री आणि लष्करी कागदपत्रे काढून घेता येतात. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार मात्र त्याच्या खासगी वस्तूंबरोबर शिरस्त्राण आणि वायुमुखवटा त्याच्याकडेच राहू द्यायला सांगतो. कैद्याचा जीव वाचवणारी वस्तू लूट ठरू नये, हा त्यामागचा विचार. शत्रूची खूणचिन्हे किंवा गणवेश यांचा गैरवापर करण्यास १९०७ च्या हेग नियमांनी बंदी केली आहे.

जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही फौजा ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतल्या. युद्धविरामाच्या वेळी पाकिस्तानच्या ताब्यात असलेले खेमकरण गावही तेव्हाच परत मिळाले. जिंकलेली जमीन दोघांनीही सोडली. पकडलेले रणगाडे राहिले. पॅटन नगरातील रणगाडे पुढे छावण्यांत, रेजिमेंटांच्या आवारांत आणि शहरांच्या चौकांत विजयचिन्ह म्हणून गेले. ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधील घंटा भीमाशंकरला, मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आल्या. सीमेपलीकडेही असेच घडले : छांब भागात मिळालेले भारतीय एएमएक्स-१३ पाकिस्तानने मिरवले. महाराष्ट्रात पॅटन पाहायचा तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील रणगाडा संग्रहालयात जावे. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने ते १९९४ मध्ये उभारले. अशा ठिकाणच्या फलकांवर तोफेचा व्यास आणि इंजिनाची शक्ती ठळकपणे असते. तो रणगाडा कोणत्या गावाच्या शिवारात, कोणत्या तुकडीने पकडला, हेही तेवढ्याच ठळकपणे लिहिले जावे.

अमेरिकेचा पुरवठा आटल्यावर पाकिस्तान चीनकडे वळला. मार्च १९६६ च्या संचलनात चिनी टी-५९ रणगाडे दिसले. ५ डिसेंबर १९७१ रोजी राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर तेच टी-५९ चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाबच्या कंपनीने रात्रभर ठाणे राखले. उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी वाळूत अडकलेले रणगाडे टिपले आणि या वेळी भारताच्या हाती लागलेली सामग्री चिनी बनावटीची होती.