प्रतिकृती रेल्वेचा रूळ-आराखडा

प्रतिकृती रेल्वेचा रूळ-आराखडा म्हणजे लहान प्रमाणातील चालत्या रेल्वेचे रूळ, सांधे, स्थानके, यार्ड आणि चढ यांची मांडणी दाखवणारा मापबद्ध नकाशा होय. रूळ खरेदी करण्यापूर्वी आणि लाकूड कापण्यापूर्वी तो कागदावर तयार केला जातो. आज या कामासाठी संगणकीय आज्ञावल्या उपलब्ध असल्या, तरी आलेख कागद, पट्टी, कंपास आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने हाताने आराखडा काढण्याची पद्धत टिकून आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिका आणि ब्रिटनमधील नियतकालिकांमुळे आराखडा-रेखन हा या छंदाचा स्वतंत्र विषय बनला. अमेरिकेत लिन वेस्टकॉट यांचा १०१ आराखड्यांचा संग्रह १९५६ मध्ये प्रकाशित झाला. ब्रिटनमध्ये 'रेल्वे मॉडेलर' या मासिकाचे संपादक सिरिल फ्रीझर यांनी लहान जागेसाठी अनेक आराखडे तयार केले. त्यांपैकी १९५७ मधील 'मिनोरीज' हा शहरी अंत्यस्थानकाचा आराखडा विशेष प्रसिद्ध आहे. जॉन आर्मस्ट्राँग (१९२०–२००४) या अमेरिकी लेखकाने १९६३ मध्ये प्रकाशित केलेल्या 'ट्रॅक प्लॅनिंग फॉर रिअलिस्टिक ऑपरेशन' या ग्रंथात आराखड्याचा विचार गाड्यांच्या प्रत्यक्ष वाहतुकीच्या अंगाने केला. हा ग्रंथ या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो.

प्रमाण आणि रूळांतर

आराखड्यापूर्वी प्रतिकृतीचे प्रमाण ठरवावे लागते. एचओ प्रमाणात (१:८७) रूळांतर १६.५ मिमी, एन प्रमाणात (१:१६०) ९ मिमी आणि झेड प्रमाणात (१:२२०) ६.५ मिमी असते. एचओचे रूळांतर १,४३५ मिमीच्या प्रमाण रूळांतराशी जुळते. भारतातील १,६७६ मिमीचा ब्रॉडगेज मार्ग १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ मिमी रुंद भरतो. म्हणून बाजारातील एचओ रूळांवर भारतीय ब्रॉडगेज गाड्यांची प्रतिकृती चालवताना रूळांतराच्या अचूकतेत तडजोड करावी लागते. याउलट बार्शी लाइट रेल्वे किंवा यवतमाळ–मूर्तिजापूर मार्ग यांचे ७६२ मिमी रूळांतर या प्रमाणात सुमारे ८.८ मिमी होते, आणि ते एन प्रमाणाच्या ९ मिमी रूळांच्या जवळ जाते.

चौकटींची पद्धत

जागेत काय मावेल याचा झटपट अंदाज घेण्यासाठी आर्मस्ट्राँग यांनी चौकटींची पद्धत मांडली. तिच्यात चौकटीची बाजू पुढीलप्रमाणे काढतात:

चौकटीची बाजू = किमान त्रिज्या + (२ × शेजारील मार्गांच्या मध्यरेषांमधील अंतर)

अशा एका चौकटीत ९० अंशांचे वळण बसते. गाडीला पूर्ण उलट फिरवण्यासाठी रुंदीत दोन चौकटी लागतात. संपूर्ण जागेवर अशा चौकटी आखल्या, की कंपास न वापरताही निरनिराळ्या कल्पना कच्च्या रेखाटनात तपासता येतात.

उदाहरणार्थ, ८ × ४ फुटी प्लायवूडचा तक्ता २,४३८ × १,२१९ मिमी असतो. किमान त्रिज्या ४५७ मिमी (१८ इंच) आणि मार्गांमधील अंतर ५० मिमी धरल्यास चौकटीची बाजू ५५७ मिमी येते. दोन चौकटींना १,११४ मिमी आणि चार चौकटींना २,२२८ मिमी लागतात. म्हणजे २ × ४ चौकटी तक्त्यावर मावतात. त्रिज्या ५५९ मिमी (२२ इंच) केल्यास बाजू ६५९ मिमी होते आणि दोन चौकटींना १,३१८ मिमी रुंदी लागते. एकेरी मार्ग कडेलगत जेमतेम बसतो, परंतु त्याच्या बाहेरून दुसरा मार्ग नेता येत नाही. हा निष्कर्ष तक्ता कापण्याआधीच हाती येणे, हे या पद्धतीचे मुख्य प्रयोजन आहे.

रेखनाचे टप्पे

प्रथम खोलीचे माप घेऊन दारे, खिडक्या आणि वावरण्याची जागा यांसह ती १:१० किंवा १:२० प्रमाणात आलेख कागदावर काढतात. त्यानंतर न बदलणाऱ्या अटी आणि स्वतःच्या इच्छा यांच्या वेगळ्या याद्या केल्या जातात. वळणांचे मध्यबिंदू निश्चित करून कंपासाने वक्र काढतात आणि सरळ मार्ग त्या वक्रांना स्पर्शरेषेप्रमाणे जोडतात. मूळ आराखडा तसाच ठेवून पर्याय तपासण्यासाठी त्यावर ट्रेसिंग कागद ठेवतात. शेवटी सांध्यांच्या पूर्णाकार कागदी प्रती प्रत्यक्ष तक्त्यावर मांडून खात्री केली जाते.

नेहमी होणाऱ्या चुका

सांध्याचा कोन: हाताने काढलेल्या रेखाटनात सांधे वास्तवापेक्षा आखूड व तीव्र कोनाचे काढले जातात. क्रमांक ६ च्या सांध्यात मार्ग दर ६ एककांमागे १ एकक दूर जातो. त्याचा कोन केवळ ९.५ अंशांच्या आसपास असतो. मार्गांमधील अंतर ५० मिमी असल्यास यार्डातील प्रत्येक वाढीव मार्गासाठी सुमारे ३०० मिमी लांबी खर्च होते. त्यामुळे कागदावर चार मार्गांचे दिसणारे यार्ड प्रत्यक्षात दोन मार्गांचे ठरू शकते.

उलटसुलट वळण: एका दिशेच्या वळणानंतर लगेच विरुद्ध दिशेचे वळण आल्यास लांब डबे एकमेकांना बाजूला ओढून रुळांवरून घसरतात. दोन्हींमध्ये किमान सर्वांत लांब डब्याइतका सरळ मार्ग ठेवावा, असा संकेत आहे. २१.३ मीटर लांबीचा भारतीय प्रवासी डबा एचओ प्रमाणात सुमारे २४५ मिमी भरतो.

चढ: एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी एचओ प्रमाणात साधारण ७५ मिमी उंची लागते. २ टक्के चढावर त्यासाठी ३.७५ मीटर मार्ग हवा. ४५७ मिमी त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाची लांबी सुमारे २.८७ मीटर असल्याने एका फेरीत ५७ मिमीच उंची मिळते. म्हणून आराखड्यावर ठिकठिकाणी रूळांची उंची लिहून ठेवतात.

विद्युत मंडल: दोन रूळांतून एकदिश प्रवाह देणाऱ्या पद्धतीत मार्ग स्वतःवरच उलट वळून मिळाला, तर धन व ऋण रूळ एकमेकांना जोडले जाऊन शॉर्टसर्किट होते. दोन्ही रूळ लाल व निळ्या पेन्सिलीने रंगवत गेल्यास हा दोष लगेच दिसतो. तेथे रूळ विलग करून स्वतंत्र जोडणी करावी लागते.

हाताची पोहोच: कडेपासून सुमारे ७५ सेंमीपलीकडे घसरलेला डबा उचलणे कठीण जाते. त्यामुळे भिंतीलगतच्या मांडणीची खोली मर्यादित ठेवतात.

वाहतुकीचा विचार

आराखड्याचे मूल्य रुळांच्या लांबीवरून नव्हे, तर त्यावर कोणती कामे करता येतात यावरून ठरते. ब्रिटनमधील अ‍ॅलन राइट यांच्या 'इंगलनूक' आराखड्यात केवळ दोन सांधे असून तीन मार्गांवर अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात. आठ वाघिणींपैकी पाचांची गाडी ठरावीक क्रमाने जुळवणे हे त्यातील कोडे आहे. असे ६,७२० क्रम संभवतात.

संगणक आणि कागद

संगणकीय आज्ञावली सांध्यांची मापे अचूक ठेवते आणि रूळांची यादीही देते. एक्सट्रॅककॅड ही त्यांपैकी विनामूल्य आज्ञावली आहे. मात्र कच्च्या कल्पना पटकन मांडणे व खोडणे कागदावर सोपे जाते. त्यामुळे अनेक छंदिष्ट प्रारंभिक रेखाटन हाताने करून अंतिम आराखडा संगणकावर पडताळतात.