बॉस्टनचा बर्फ, मुंबईचे बर्फघर आणि विद्यापीठाचे एक हॉकी-मैदान (धागा)

मुंबईच्या लायन गेटसमोर, आज जिथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात एक बर्फघर होते. त्यातला बर्फ येई थेट बॉस्टनहून. मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांवर घोडे जुंपलेला नांगर फिरवून लाद्या पाडल्या जात आणि लाकडाच्या भुशात रचून त्या जहाजात चढत. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली कलकत्त्याला धाडलेल्या सुमारे १८० टनांपैकी १०० टन बर्फ चार महिन्यांनंतरही शिल्लक होता. निजामपुऱ्यात सरबताच्या गाडीवर गोणपाटाखाली झाकलेली लादी पाहणाऱ्याला यामागचे शास्त्र वेगळे सांगायला नको.

जगाला बर्फ विकणाऱ्या या शहरातील विद्यार्थ्यांना मात्र खेळायला भरवशाचा बर्फ नव्हता. हार्वर्डचे हॉकीपटू थंडीच्या मर्जीवर अवलंबून असत. ऊन पडले की तळे वितळे आणि सामना रद्द. यंत्राने बर्फ गोठवण्याची युक्ती जॉन गॅमजीने १८७६ मध्ये लंडनमध्ये दाखवली होती : जमिनीखाली नळ्या अंथरायच्या आणि त्यांतून अतिशीत द्रावण खेळवायचे.

१६ एप्रिल १९१० रोजी सेंट बोटॉल्फ स्ट्रीटवर 'बॉस्टन अरीना' उघडले, ते याच तंत्रावर. पुढे ते नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे 'मॅथ्यूज अरीना' म्हणून ओळखले जाऊ लागले. पण मूळची ही खासगी वास्तू. हार्वर्ड, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन विद्यापीठ, नॉर्थईस्टर्न हे सारे तिथे भाडेकरूच. एकाच बर्फावर एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी आळीपाळीने सराव करीत. माझ्या मते शहराची हॉकी-संस्कृती या नाइलाजाच्या शेजारातूनच घडली.

डिसेंबर १९१८ मध्ये आगीने इमारत खाल्ली. १९२१ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. १ डिसेंबर १९२४ रोजी 'बॉस्टन ब्रुइन्स'चा पहिला सामना येथेच झाला, आणि राष्ट्रीय हॉकी लीगचा अमेरिकेच्या भूमीवरील तो पहिलाच सामना. व्यावसायिक संघ पुढे मोठ्या गार्डनमध्ये गेले, विद्यार्थी राहिले. १९५२ च्या डिसेंबरात वरील चार संस्थांची 'बीनपॉट' स्पर्धा येथेच सुरू झाली. पहिला करंडक हार्वर्डने नेला; नॉर्थईस्टर्नला त्यासाठी १९८० पर्यंत थांबावे लागले.

विद्यापीठाने इमारत विकत घेतली ती १९७० च्या दशकात. १९८२ च्या नूतनीकरणाला साहाय्य करणाऱ्या माजी विद्यार्थ्याचे, जॉर्ज मॅथ्यूज यांचे, नाव तिला मिळाले. म्हणजे शतकाहून अधिक आयुष्यातील बहुतेक काळ हे 'विद्यापीठाचे मैदान' विद्यापीठाचे नव्हतेच!

आता थोडे तिच्या पायाविषयी. बॉस्टनचा हा भाग 'बॅक बे'. नाव ओळखीचे वाटले ना? आपल्या बॅक बेप्रमाणेच हीही भरतीओहोटीची दलदल. आगगाड्यांनी रेती-खडी आणून ती एकोणिसाव्या शतकात बुजवली गेली. त्या भरावावरची इमारत खचू लागली. दुरुस्ती की पाडकाम, या वादात पाडकामाचा पक्ष जिंकला. डिसेंबर २०२५ मध्ये तिथला अखेरचा सामना खेळला गेला. त्याच जागी २०२८ पर्यंत नवे क्रीडागृह उभारण्याची योजना आहे.