नकलेचा भाव

एप्रिल १९९४मध्ये जपानात ‘फायनल फँटसी’ या खेळाचा सहावा भाग दुकानांत आला, तेव्हा त्याची छापील किंमत ११,४०० येन होती. जानेवारी १९९७मध्ये सातवा भाग आला. चित्रं आता त्रिमित होती आणि मधूनमधून सिनेमासारखे प्रसंग होते. त्याची किंमत मात्र ६,८०० येन. कंपनी तीच, स्क्वेअर; गिऱ्हाईकही तेच. खेळ बनवण्याचा खर्च काही उतरला नव्हता, उलट सातव्या भागावर आधीपेक्षा कितीतरी जास्त पैसा ओतला होता. बदलली होती ती फक्त खेळ भरून विकायची वस्तू. सहावा भाग तीन मेगाबाइटच्या चिपवर होता, सातवा तीन सीडींवर.

त्या वस्तूची ही कुळकथा. तिचा मोठा भाग जपानातल्या कारखान्यांत घडला, पण तिचा हिशोब उघड्यावर मांडलेला दिसला तो गिरगावच्या शेजारी, लॅमिंग्टन रोडवर. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं, तरी बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो. रेडिओचे व्हॉल्व्ह, ॲम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर, टीव्हीचे सुटे भाग, मग संगणक, अशा पायऱ्यांनी तो वाढला. खेळ तिथे पोचले तेव्हा डागकामाचं इस्त्रीसारखं तापणारं यंत्र हातात धरून बसलेले कारागीर तिथे आधीपासूनच होते.

पहिली पिढी टेपची. १९८२मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवान्याखाली आपल्याकडे आणला. त्याचे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डर जोडायचा, कर्कश किरकिर ऐकत काही मिनिटं थांबायचं, की खेळ यंत्रात उतरायचा. गाण्याची टेप आणि खेळाची टेप यांत वस्तू म्हणून काहीच फरक नसल्याने माध्यमाचा खर्च नगण्य होता. म्हणूनच १९८४पासून ब्रिटनमधली मास्टरट्रॉनिक ही कंपनी १ पौंड ९९ पेन्सला खेळ विकू शकली. पण ज्याच्या घरी दोन खणांचा टेपरेकॉर्डर होता, त्याला तेवढेही मोजायची गरज नव्हती.

दुसरी पिढी चिपची. जुलै १९८३मध्ये निन्टेंडोने जपानात ‘फॅमिली कॉम्प्युटर’ म्हणजे फॅमिकॉम आणला आणि खेळ प्लास्टिकच्या डबीत गेला. मुंबईच्या मुलांनी तिलाही कॅसेटच म्हटलं, आत टेपचा पत्ता नसला तरी. आत असायची मास्क रॉम. या चिपवर मजकूर नंतर लिहिता येत नाही, चिप घडवतानाच तो तिच्यात ओतावा लागतो. त्यासाठी आधी साचा बनतो आणि त्याचा खर्च एक चिप काढा की लाख, तेवढाच. वर प्रत्येक चिपच्या सिलिकॉनचा खर्च, आणि जितकी मेमरी मोठी तितकी चिप महाग. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला होता, त्यामागे कौशल्याइतकाच हा खर्चही होता. खेळाडूची प्रगती साठवायची म्हटली, की डबीत आणखी एक मेमरी आणि तिला जिवंत ठेवणारी बटन सेलची बॅटरी. किंमत पुन्हा वर.

यापेक्षा मोठा भार मात्र डबीत दिसत नसे. बाहेरच्या प्रकाशकाला डब्या निन्टेंडोच्या अटींवर आगाऊ मागवाव्या लागत. माल हाती यायला महिने जात. खेळ अपेक्षेपेक्षा जास्त खपला तर वेळेवर नवा माल नाही, आणि नाही खपला तर महागड्या चिपांचा ढीग गोदामात. त्यामुळे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीच्या किमतीत न विकल्या जाणाऱ्या डब्यांची भीतीही धरलेली असे. हे ओझं खुद्द निन्टेंडोलाही जाणवत होतं. १९८६मध्ये तिने फॅमिकॉमसाठी पुन्हा लिहिता येणारी चुंबकीय डिस्क काढली. दुकानातल्या यंत्रात जुनी डिस्क घालायची, ५०० येन द्यायचे आणि तिच्यावर नवा खेळ लिहून न्यायचा. भाव झपाट्याने उतरला, पण डिस्कच्या नकलाही तितक्याच झपाट्याने निघाल्या. तोवर मोठ्या चिपाही स्वस्त झाल्या आणि प्रयोग मागे पडला.

आपल्याकडे निन्टेंडोचं यंत्र ‘समुराई’ या नावाने आलं, पण घराघरांत पोचले ते त्याचे तैवानी आणि चिनी जुळे भाऊ. अमेरिकेत विकलेल्या यंत्रात परक्या डब्या नाकारणारी कुलपाची चिप होती. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती, त्यामुळे त्याची नक्कल सोपी गेली. लॅमिंग्टन रोडवरची आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटातली कॅसेट याच साठ पिनांच्या कुळातली. ती उघडली की हिरव्या पट्टीवर काळ्या लाखेसारखा एक थेंब दिसायचा. चिपला रीतसर आवरण देण्याऐवजी उघडा सिलिकॉनचा तुकडा पट्टीवर चिकटवून वर इपॉक्सी ओतलेलं असे. बॅटरी तर नसेच. म्हणून लालबाग-परळच्या चाळीत वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावा लागे. ‘९९९९ इन १’ ही करामतही याच काटकसरीतून आली. आत खेळ मोजके, बाकीची यादी म्हणजे तेच खेळ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू केलेले.

एवढं सगळं कापूनही नकली कॅसेट शे-दोनशे रुपयांच्या फार खाली येत नसे. नक्कल करणाऱ्याला लेखकाचा मेहनताना द्यायचा नव्हता, परवाना घ्यायचा नव्हता, जाहिरात करायची नव्हती. पण चिप त्यालाही विकत घ्यावी लागत होती. ज्यांना ती परवडत नव्हती, ते तासाच्या भाड्याने खेळत किंवा जुनी कॅसेट देऊन, वर थोडे पैसे घालून दुसरी नेत. १९९५मध्ये शॉ वॉलेस या मद्यकंपनीने सेगाचं मेगा ड्राइव्ह अधिकृतपणे भारतात आणलं. त्याची किंमत होती १८,००० रुपये. त्या काळात अशा आयातीवर ८० टक्के जकात होती. अधिकृत आणि अनधिकृत यांमधली दरी एवढी रुंद असल्यावर बाजार कुठल्या बाजूला गेला असेल, हे सांगायला नको.

तिसरी पिढी चकतीची. डिसेंबर १९९४मध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं. सीडीत साडेसहाशे मेगाबाइट मावत, छापायला फारच थोडा खर्च येई, आणि माल महिन्यांऐवजी दिवसांत हाती पडे. खेळ चालला तर आणखी छापा, नाही चालला तर नुकसान थोडकं. निन्टेंडोने १९९६च्या आपल्या नव्या यंत्रातही चिपच ठेवली. त्यातली सर्वांत मोठी डबीही ६४ मेगाबाइटची होती. स्क्वेअरने निन्टेंडोची साथ सोडून सोनीचा हात धरला, त्यामागे हाच हिशोब होता. सुरुवातीच्या त्या दोन किमतींमधला ४,६०० येनांचा फरक बव्हंशी त्यातूनच आला.

सोनीने आपल्या चकतीला कुलूप घातलं होतं. तिच्या आतल्या कडेला नागमोडी खाचेत लिहिलेली एक खूण असे. घरगुती रायटरला ती उमटवता येत नसे आणि ती सापडली नाही तर यंत्र खेळ चालवत नसे. त्यावर उतारा म्हणजे मॉड चिप. बोटाच्या पेराएवढी ही चिप यंत्राच्या आत डागून बसवली, की खूण सापडल्याचा निरोप तीच देई. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाजाराला हे काम अवघड नव्हतं. १९९४मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन संगणकीय प्रोग्रामच्या नकलांसाठी तुरुंगवासाची तरतूद झाली होती. अधूनमधून धाडी पडत, नकली चकत्या मांडलेल्या फुटपाथवरच्या फळ्या उचलल्या जात आणि पुन्हा मांडल्या जात.

या फळ्यांवर माध्यमाचा हिशोब स्वच्छ दिसत होता. प्लेस्टेशन टूच्या काळात नकली चकती पन्नास ते शंभर-दीडशे रुपयांना मिळे, तर ओरिजिनल हजार-दीड हजारांच्या पुढे. नकली खेळ उत्तम आहे की टुकार, नवा आहे की जुना, याने भावात फारसा फरक पडत नसे. भाव चकतीमागे असे. तीन चकत्यांचा खेळ असेल तर तीन चकत्यांचे पैसे. कोरी चकती, वेष्टनाचा कागद, फळीवर बसणाऱ्या मुलाची मजुरी, पोलिसांची धास्ती आणि दुकानाचं भाडं यांची ती बेरीज होती. खेळाची किंमत त्यात शून्य. म्हणजे ओरिजिनलच्या किमतीतून नकलेचा भाव वजा केला, तर उरेल तो भाग माध्यमाचा नव्हेच.

मग तो कोणाचा? २०१०च्या सुमारास अमेरिकेत ६० डॉलरच्या खेळाची फोड साधारण अशी सांगत: २७ डॉलर प्रकाशकाचे, १५ दुकानदाराचे, ७ यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे, ७ परत येणाऱ्या आणि पडून राहणाऱ्या मालापोटी, आणि चकती, डबी, वाहतूक मिळून ४. चिपच्या काळात किमतीचा मोठा घास घेणारी वस्तू आता किरकोळ खर्चात जमा झाली होती. तरीही किंमत तेवढ्या प्रमाणात उतरली नाही. सुटलेली जागा इतर वाटेकऱ्यांनी भरली, आणि वाढत्या निर्मितीखर्चानेही. भारतात मात्र सोनीने प्लेस्टेशन टूच्या उतरत्या काळात उलटी वाट धरली. २००९मध्ये आलेले ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे भारतीय खेळ पाचशे रुपयांच्या आसपास विकले गेले. नकलेशी स्पर्धा करायची ठरल्यावर ओरिजिनलही एवढं खाली येऊ शकत होतं.

पुढच्या यंत्रात ब्लू-रे चकती आली. कुलूप पक्कं झालं, कोरी ब्लू-रे आणि तिचा रायटर महाग होते, आणि फळ्या ओसरू लागल्या. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांनी धंदा सोडला नाही. ते वापरलेल्या ओरिजिनल चकत्यांकडे वळले. ‘स्क्रॅच नाही ना?’ म्हणत चकती उजेडात तिरकी धरून पाहायची आणि भाव सांगायचा, हा तिथला नवा व्यवहार.

चौथी पिढी डाउनलोडची. तिच्यात वस्तूच उरलेली नाही. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आलं, तेव्हा सोनीचे मोठे खेळ ४,९९९ रुपयांचे होते; चकती घ्या किंवा डाउनलोड करा, छापील भाव एकच. डाउनलोडमध्ये चकती, डबी, ट्रक, दुकान हे सगळं गळलं, तरी एक रुपया कमी झाला नाही. दुकानदार मात्र आपल्या वाट्यातून सूट देऊ शकतो, म्हणून मुंबईत पुष्कळदा चकतीच डाउनलोडपेक्षा स्वस्त पडते. जून २०२५मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच टूने चिप पुन्हा हिशोबात आणली. युरोपात ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ डाउनलोडला ८० युरो, तर कार्डावर ९०. काही प्रकाशकांनी तोही खर्च टाळण्यासाठी ज्यावर खेळच नाही असं कार्ड काढलं. ते यंत्रात घातलं की खेळ इंटरनेटवरून उतरतो. पण ते कार्ड पुढे विकता येतं, आणि गिऱ्हाइकाच्या हिशोबात यालाच सगळ्यात जास्त वजन आहे.

४,९९९ रुपयांची चकती खेळून झाल्यावर तीन हजारांना परत गेली, तर तिची खरी किंमत दोन हजार पडली. डाउनलोड केलेल्या खेळाचे ४,९९९ ते ४,९९९च. वस्तू बनवायला कंपनीला किती खर्च येतो, याने गिऱ्हाइकाचा भाव फारसा ठरत नाही. ती वस्तू त्याच्या हातात राहते की नाही, यावर तो ठरतो. लॅमिंग्टन रोडवर चकती हातात घेतलेला मुलगा म्हणूनच छापील किंमत नंतर वाचतो. आधी दुकानदाराला विचारतो, ‘परत आणली तर किती देणार?’