मुदतीच्या आत : ३१ ऑगस्टची मध्यरात्र आणि आपला विदर्भ

मंडळी, या शनिवारचा विषय थोडा लांबचा आहे, पण धीर धरा. अमेरिकेतून निघून आपण जामठ्याला पोचणार आहोत, आणि वाटेत माझं गाव लागेल. (गाव म्हणजे कारंजा घाडगे, जिल्हा वर्धा. नागपूर-अमरावती रस्त्यावर कोंढाळी सोडली की लागतं ते. दर वेळी सांगावं लागतं, कारण "कारंजा" म्हटलं की लोक वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड समजतात.)

तर बेसबॉल. नियम येत नसले तरी चालेल, क्रिकेटएवढंच कळलं तरी पुरे. एप्रिलच्या आसपास हंगाम सुरू होतो, सप्टेंबर संपता संपता साखळी सामने संपतात आणि ऑक्टोबरमध्ये बाद फेरी. मधल्या काळात संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. आपल्याला हे विचित्र वाटतं. काल ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तो आज समोरच्या संघात! पण तिथे हा धंद्याचा नेहमीचा भाग आहे.

आता यात एक गोम आहे. मोसमाच्या शेवटी कोण जिंकणार, कोण हरणार हे बऱ्यापैकी दिसायला लागतं. जो संघ जिंकायच्या बेतात आहे त्याला आज एक अनुभवी गोलंदाज हवा असतो. जो संघ बुडालाय त्याला आजचं काही नको, चार वर्षांनंतरचं हवं असतं. म्हणून एक जण आपला म्हातारा हुकमी खेळाडू देतो, दुसरा त्याबदल्यात विशीतली पोरं देतो. एकाने आज घेतला, दुसऱ्याने उद्या.

पण असं शेवटच्या दिवसापर्यंत चालू दिलं, तर श्रीमंत संघ सगळं विकत घेऊन टाकतील. १९२२ साली नेमकी हीच बोंब झाली. न्यूयॉर्क यांकीज आणि सेंट लुईस ब्राउन्स यांची चुरस चालू होती. जुलै उलटत आला असताना यांकीजनी बॉस्टनकडून जो डुगन नावाचा खेळाडू उचलला, आणि ब्राउन्सचं अजिंक्यपद अवघ्या एका सामन्याने हुकलं. आरडाओरडा इतका झाला की पुढच्याच वर्षापासून १५ जून ही मुदत आली. १९८६ पासून ती ३१ जुलै झाली. त्यानंतरही एक फट उरली होती. ऑगस्टमध्ये खेळाडू आधी बाकीच्या संघांपुढे 'कुणाला हवाय का' म्हणून ठेवायचा, कुणी हक्क सांगितला नाही तर हव्या त्या संघाशी सौदा करता यायचा. या सगळ्याच्या वर आणखी एक रेघ होती: ३१ ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत जो संघाच्या दफ्तरात आला, तोच बाद फेरीत खेळायला पात्र.

आमच्या धंद्यात रिलीजच्या आधी कोड फ्रीझ असतं, तसंच समजा. अमुक तारखेनंतर कोडला हात लावायचा नाही. आणि फ्रीझच्या आदल्या रात्री काय काय घुसडलं जातं हे ज्याने पाहिलंय, त्याला पुढच्या गोष्टी सांगायची फारशी गरज नाही :)

गोष्ट पहिली, १९८७. डेट्रॉइट टायगर्सना गोलंदाज हवा होता. १२ ऑगस्टला त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. हा माणूस आला आणि त्याने ९ सामने जिंकून दिले, एकही हरला नाही. शेवटच्या दिवशी डेट्रॉइटने गट जिंकला. सौदा शंभर टक्के यशस्वी! पुढच्या फेरीत मात्र मिनेसोटाने त्यांना ४-१ ने हरवलं आणि त्यातले दोन सामने अलेक्झांडरच्याच नावावर गेले. दोन वर्षांत त्याची कारकीर्दही संपली. बदल्यात दिलेला २० वर्षांचा पोरगा होता जॉन स्मोल्ट्झ. मिशिगनमध्येच वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. तो पुढे अटलांटाकडून वीसेक वर्षं खेळला, १९९५ चं विजेतेपद मिळवलं आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

गोष्ट दुसरी, १९९०. बॉस्टन रेड सॉक्सना महिनाभरासाठी गोलंदाज हवा होता. ३० ऑगस्टला, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी, त्यांनी ह्यूस्टनकडून ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला. त्याने १५ सामन्यांत २२ डाव उत्तम गोलंदाजी केली. बॉस्टनने गट जिंकला, बाद फेरीत ओकलंडकडून सगळेच्या सगळे सामने हरले, आणि हंगाम संपल्यावर अँडरसन दुसऱ्या संघात निघून गेला. बदल्यात दिला होता जेफ बॅगवेल, वय २२, जन्म बॉस्टनचाच. तो १५ हंगाम ह्यूस्टनकडे खेळला, ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

या दोन गोष्टी अमेरिकेत लहान पोरांना दटावण्यासाठी सांगाव्यात तशा सांगतात. मुदत जवळ आली की घाबरून भविष्य विकू नये, वगैरे.

आता आमच्या कारंज्याच्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, माल निघतो दिवाळीच्या मागेपुढे. पण कितीतरी बगीचे माल निघायच्या कितीतरी आधी, फळं हिरवी असतानाच, व्यापाऱ्याला ठोक विकले जातात. व्यापारी येतो, झाडं पाहतो, अंदाज बांधतो, रक्कम सांगतो. शेतकऱ्याने हो म्हटलं की पुढची फळगळ, गारपीट, भाव सगळं व्यापाऱ्याचं. भाव चढला तर शेजारीपाजारी म्हणतात, "कायले घाई केली बापू?" पण ज्याला जूनमध्ये बियाणं घ्यायचं होतं, पोराची फी भरायची होती, त्याला विचारा. त्याच्यासाठी आजच्या पैशाची किंमत दिवाळीच्या पैशापेक्षा वेगळी होती. म्हणून डेट्रॉइटला मूर्ख म्हणताना मी जरा थांबतो. त्यांना स्मोल्ट्झ पुढे काय होईल हे माहीत नव्हतं. गट जिंकायची संधी मात्र समोर दिसत होती.

हे झालं तिकडचं. आता आपल्याकडे या.

रणजी करंडकात खेळाडूंची अदलाबदल नाही. पण बाहेरच्या राज्याचे खेळाडू घेता येतात, एका संघात जास्तीत जास्त तीन. त्यांना 'प्रोफेशनल' म्हणतात. मूळ संघटनेचं ना-हरकत पत्र घ्यायचं आणि हंगामाच्या आधी ठरवायचं. एका राज्याकडून रणजीचे सामने खेळून त्याच हंगामात बाद फेरीला दुसऱ्या राज्याकडून उतरायचं, हा प्रकार इथे नाही. म्हणजे आपली मुदत पहिल्या चेंडूच्या आधीच संपते. आपण जिंकणार की हरणार हे कळायच्या आत निर्णय घ्यायचा.

आणि इथे बदल्यात कुणी पोरगा द्यावा लागत नाही, पैसे दिले की झालं. मग नुकसान कुणाचं? नीट पाहिलं तर इथेही किंमत पोरगाच देतो. अकरा जागांतल्या तीन बाहेरच्यांना गेल्या की चंद्रपूर, वर्धा, यवतमाळच्या तीन पोरांना बाकावर बसावं लागतं. फरक एवढाच की बॅगवेलचं नाव सौद्याच्या कागदावर होतं. या पोरांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

याचा फायदा कसा होतो हे राजस्थानने दाखवलं. २०१०-११ मध्ये हा संघ खालच्या प्लेट गटात होता. त्यांनी आपल्या पुण्याचा हृषीकेश कानिटकर आणि दिल्लीचा आकाश चोप्रा यांना घेतलं. कानिटकर कर्णधार झाला आणि प्लेट गटातून येऊन संघाने थेट रणजी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली!

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं अंतिम फेरी पाहिली नव्हती. आमच्या लहानपणी विदर्भ म्हणजे मुंबईने सराव करायचा संघ, असा थट्टेचा विषय. २०१५-१६ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. कर्नाटकचा गणेश सतीश त्याच्या आधीच आला होता. २०१६-१७ चा हंगाम जाफरचा दुखापतीत गेला, पण संघटनेने त्याचे पैसे दिले होते. म्हणून २०१७-१८ मध्ये तो विदर्भाकडून मानधन न घेता खेळला, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. डॉयल अलेक्झांडरच्या गोष्टीत असा भाग नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

२०१७-१८ चा तो हंगाम आठवा. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल (त्याने त्या मोसमात ९१२ धावा केल्या). कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकाला ५ धावांनी हरवलं. इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबाणीची हॅट्‌ट्रिक (हा पठ्ठ्या सिव्हिल इंजिनियर, आमच्या जातीचा!), अक्षय वाडकरच्या १३३ आणि १ जानेवारी २०१८ ला जाफरच्या चौकारांनी सामना संपला. विजय ९ गडी राखून. आता यादी पाहा: फझल, गुरबाणी, वाडकर, सगळे घरचे. बाहेरच्याने शेवटचा चौकार मारला, पण करंडक घरच्या पोरांनी आणला होता.

योगायोग असा की त्याच मोसमात अमेरिकेत ३१ ऑगस्ट २०१७ च्या मध्यरात्रीला काही सेकंद उरले असताना ३४ वर्षांचा जस्टिन व्हरलँडर डेट्रॉइटहून ह्यूस्टनला गेला. सप्टेंबरमध्ये पाचही सामने जिंकला आणि ह्यूस्टनने पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकली. (पुढे त्या संघाची खुणा चोरण्याची लबाडी उघड झाली, तो वेगळा विषय.) मात्र २०१९ पासून ऑगस्टमधले ते सौदे बंदच झाले. आता एकच मुदत, जुलैअखेरच्या आसपासची. ३१ ऑगस्टची पात्रतेची रेघ तेवढी राहिली.

२०१८-१९ मध्ये विदर्भाने पुन्हा जिंकलं. जाफरने वयाच्या चाळिशीत १०३७ धावा केल्या. आणि ऑगस्टच्या सौद्यासारखं काही आपल्याकडे घडलं असेल तर ते याच वर्षी. ऐन बाद फेरीला उमेश यादव ऑस्ट्रेलिया दौऱ्याहून परतला आणि वायनाडच्या उपांत्य सामन्यात त्याने केरळचे १२ गडी उडवले. पण हा कुणाकडून घेतलेला नव्हता. खापरखेड्याकडचा, खाणकामगाराचा पोरगा, आपलाच. अंतिम सामन्यात जामठ्याला आदित्य सरवटेने सौराष्ट्राचे ११ बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली.

इथे गोष्ट संपवली असती तर छान वाटलं असतं. पण सहा वर्षं पुढे या. फेब्रुवारी-मार्च २०२५, तेच जामठा, पुन्हा अंतिम सामना, विदर्भ विरुद्ध केरळ. केरळकडून पहिल्या डावात ७९ धावा कुणी केल्या? आदित्य सरवटे! तो आता केरळचा प्रोफेशनल होता. गुरबाणी महाराष्ट्राकडे गेलेला. आणि विदर्भाच्या सलामीला कोण, तर ध्रुव शोरी, ज्याने इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून आपल्याविरुद्धच १४५ केल्या होत्या. जो संघ बाहेरचे आणायचा, तो आता बाहेर देऊही लागला. मैदानात बसलेल्या नागपूरकराने सरवटेच्या खेळीला टाळ्या वाजवाव्यात की नाही? मी घरी टीव्हीसमोर वाजवल्या.

त्या सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती. मग कर्नाटकहून आलेला करुण नायर आणि २१ वर्षांचा दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ केल्या. पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक घेतला. हर्ष दुबेचे त्या मोसमात ६९ बळी, रणजीतला विक्रम. पुढच्या मोसमात नायर कर्नाटकात परत गेला. मालेवार आणि दुबे राहिले.

मला वाटतं, हिशोब इथे आहे. अँडरसनने बॉस्टनला २२ डाव दिले आणि तो गेला. तो असेपर्यंत बॅगवेल दुसऱ्या गावात होता, त्याच्याकडून काही शिकायला मागे कुणी राहिलाच नाही. नायर मात्र मालेवारच्या समोरच्या टोकाला उभा होता. बाहेरचा माणूस आणायचा तर तो घरच्या पोराच्या जागी आणायचा की घरच्या पोराच्या शेजारी, यावर बरंच अवलंबून आहे. तरी बाकावर बसलेल्या त्या तिघांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. मालेवारचं नाव आपल्याला कळलं. त्यांचं कळणार नाही.

आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, त्यातही दरवर्षी एकच भांडण असतं: बाहेरचे किती? एखादा संघ नागपूरहून दोन फटकेबाज आणतो, बक्षीस नेतो, आणि पुढच्या वर्षी त्या गावाचा संघच उतरत नाही, कारण गावातल्या पोरांनी तोवर दुसरं काही धरलेलं असतं. दुसरा संघ एकच आणतो, त्याच्याकडून पोरांना यॉर्कर टाकायला शिकवून घेतो, आणि हरतो. पण पुढच्या वर्षी परत येतो. मुदत दोघांनाही सारखीच होती.

पुढल्या शनिवारी भेटूच. तोवर तुमच्या गावात "बाहेरचे किती" याचा काय नियम आहे ते जरूर कळवा.